मिनिटाचा भाव

वाशीला, सेक्टर सतरामध्ये, काचेच्या कपाटात
तीन कॅमेरे माना वळवून बसले होते.
हिरेनभाई म्हणाले, आधी ठरवा कशावर उतरवायचं,
यंत्र मग आपोआप ठरतं.

हा तबकडीचा. अर्धा तास मावतो.
भरली की बंद करून टाकायची,
मग घरच्या प्लेअरवर लावा, पाहुण्यांना दाखवा.
बंद म्हणजे? श्रीरंगनं विचारलं.
म्हणजे नंतर तिच्यात काही घालता येत नाही.
श्रीरंगनं कॅमेरा खाली ठेवला,
जसं काही त्यालाच कुणी बंद करणार होतं.

हा हार्ड डिस्कचा. सात तास. टेप नको, तबकडी नको.
आणि पडला तर?
हिरेनभाई पंख्याकडे बघत राहिले.

उरला टेपचा.
काडेपेटीहून जराशी मोठी टेप, साठ मिनिटं, एकशे ऐंशी रुपये.
मी तुर्भ्याला मसाला मार्केटात जमाखर्च लिहिते,
धणे पोत्यांत मोजते, मिरची शिंकांत.
पर्समधल्या पावतीच्या पाठीवर लगेच भागाकार केला :
तीन रुपये मिनिट.
श्रीरंग हसला, बाप रे, मग त्या मिनिटात
बोलायलाही तेवढ्या किमतीचं सुचायला हवं.

तेव्हा हिरेनभाईंनी एक बारीकसं बटण दाखवलं.
एल.पी. केलं की टेप सावकाश फिरते,
साठाची नव्वद होतात. चित्र तेच.
फक्त कधीकधी दुसऱ्या मशीनवर लागत नाही,
ज्यावर उतरवली त्याच्यावरच लागते.
मी म्हटलं, आम्हाला कुठे दुसरं घ्यायचंय?

दोन रुपये मिनिट. सौदा माझा.

त्या भावात घेतलं :
जुई सिडकोच्या जिन्यात सायकल चढवताना.
खाडीतले रोहित, म्हणजे गुलाबी ठिपके,
श्रीरंगचा हात हलल्यामुळे उडालेले.
सासरे पाम बीच रोडच्या कडेला, बोट लांब करून,
तिथे मीठ पिकायचं, तिथे, अगं तिथे.
आणि चुकून चालू राहिलेली अकरा मिनिटं :
टेबलाचा पाय, एक चप्पल,
आणि गॅसचा नंबर कुणी लावायचा होता यावरून आमचं भांडण.
बावीस रुपयांचं.

चौदा टेप झाल्या.
मग कॅमेरा मीच दिला, मिक्सर घेताना.
पाचशे सूट मिळाली.
टेप ठेवल्या. त्या कुठे खायला मागत होत्या?

परवा ठाण्याला, गोखले रोडवर,
जुन्या टेप उतरवून देणारा एक माणूस गाठला.
त्यानं टेप लावली.
चौकोन पडले, नुसते चौकोन,
एकात सासऱ्यांचं बोट, एकात नुसतं आभाळ,
आवाज येईना, येईना, मग एकदम
मीठ
एवढंच आलं, आणि पुन्हा चौकोन.
एल.पी.वर घेतलंय ना? तो म्हणाला.
तोच कॅमेरा आणा.

परतीच्या बसमध्ये, ऐरोली गेल्यावर, हिशेब केला.
बाराशे साठ मिनिटं.
वाचवले बाराशे साठ रुपये.
इतका चोख आकडा माझ्या वहीत सहसा येत नाही,
म्हणून दोनदा तपासला.

रात्री श्रीरंग म्हणाला,
तुझं ऐकलं नसतं तर एकवीस टेप झाल्या असत्या.
ठेवल्या कुठे असत्यास?
आणि माझ्या ताटात लोणच्याची फोड वाढली,
मी मागितली नव्हती.

बिल सापडलं. माझ्याकडे सगळी बिलं असतात.
खाली कॅमेऱ्याचा नंबर, हिरेनभाईंच्या अक्षरात,
शेवटचा आकडा एक की सात, कळत नाही.
आता विचारत फिरते, वाशीला, तुर्भ्याला, भंगारवाल्यालासुद्धा :
हा नंबर कुणाकडे आलाय का?
चालत नसला तरी चालेल,
म्हणते,
आणि जीभ चावते.